मामी आणि व्यापारी वारे

मोर्शीच्या शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर पृथ्वीचा गोळा काढायचा, मधोमध विषुववृत्ताची आडवी रेघ मारायची, वरून आणि खालून तिच्याकडं तिरपे बाण सोडायचे आणि हाताचा खडू झटकत सांगायचं, ‘हे व्यापारी वारे. वर्षभर एकाच दिशेनं वाहतात. शिडाची जहाजं यांच्याच भरवशावर समुद्र ओलांडत.’ मागच्या बाकावरचं एखादं पोट्टं विचारायचंच, ‘सर, तुमी पाह्यले काय?’ मी म्हणायचो, ‘वारा दिसत नसतो. आकृती काढ.’

समुद्र तरी कुठं पाहिला होता? १९९४ साली शाळेची सहल मुंबईला नेली तेव्हा चौपाटीवर दीड तास होतो. पण बेचाळीस पोरं भेळेच्या गाड्यांभोवती पांगली होती आणि मी ती मोजत होतो, त्यामुळं समुद्र सगळा वेळ माझ्या पाठीमागं राहिला. बाकी आमचा पाण्याशी संबंध म्हणजे सिंभोऱ्याचं धरण. कागदोपत्री त्याला अप्पर वर्धा म्हणतात, कौतुकानं नल-दमयंती सागर. पावसाळ्यात त्याचे तेरा दरवाजे उघडले की मोर्शी तिकडं लोटते, तुषार अंगावर घेते, भजी खाते आणि घरी येऊन नळाला पाणी आलं का ते पाहते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ असं पहिल्यांदा कोण म्हणालं माहीत नाही, पण माणूस आमच्याच बाजूचा असावा.

अशा माणसाला भाच्याचा फोन आला. ‘मामा, हिवाळ्यात दोन महिने बोटीवर राहायला या.’

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. अमरावतीला इंजिनिअर झाला, कॅनडात गेला, कोविडात त्याचं ऑफिस घरी आलं ते घरीच राहिलं. ऑफिस जर घरी येऊ शकतं तर घरानं एका जागी बसायचं कशाला, असा विचार करून त्यानं १९८४ साली बांधलेली एक अडतीस फुटी शिडाची बोट विकत घेतली. नवरा-बायको तिच्यावरच राहतात. डिसेंबर ते मे कॅरिबियनच्या बेटांमध्ये. चक्रीवादळांचा मोसम जूनमध्ये लागतो तो नोव्हेंबरअखेर संपतो, तेवढे महिने बोट दक्षिणेकडं कुठंतरी जमिनीवर चढवून ठेवायची आणि आपण कॅनडात. बहिणीनं नातेवाइकांत सांगून ठेवलंय की पोराचा ‘पाण्याला लागून फ्लॅट’ आहे. तिचंही चूक नाही. पोरगा बोटीवर राहतो म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, ‘काहून, नोकरी गेली काय?’

मला अडचण वेगळीच वाटत होती. थंडीतून पळून उष्ण कटिबंधात जायचं, ही रीत कॅनडा-फ्रान्सवाल्यांची. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि मोर्शी एकवीसवर. म्हणजे आम्ही उष्ण कटिबंधात जन्मापासूनच आहोत, तिकीट न काढता. पळायचंच तर मे महिन्यात पळावं, पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा. डिसेंबरात हुरडा सोडून, शेकोटी सोडून, आंबिया बहाराची संत्री नुकती व्यापाऱ्याच्या ट्रकात चढलेली असताना कोण जातं? हे सगळं मी भाच्याला समजावून सांगत होतो तेवढ्यात बायकोनं फोन हातातून घेतला.

‘बाबू, पाणी कितीक दिवसानं येते तिथी?’

‘मामी, पाणी आपल्यालेच आणा लागते.’

‘मंग काई नवीन नाई,’ ती म्हणाली. ‘येतो आमी.’

आता मोर्शीचा माणूस बोटीवर निघाला म्हणजे संत्री न्यायलाच हवीत, आणि त्याला शास्त्राधार आहे. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ नावाच्या इंग्रजी युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला व्हिनेगर, एका बिचाऱ्या जोडीला समुद्राचं पाणी, असं करत शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्यातला एक कामावर रुजू झाला आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करायला लागला. ही गोष्ट मी वाटेतल्या एका विमानतळावर शेतमाल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जमेल तेवढ्या इंग्रजीत पूर्ण सांगितली. त्यानं ती शांतपणे पूर्ण ऐकली. मग माझी अकरा संत्री उचलून मागच्या पिंपात टाकली. बर्फी तेवढी वाचली. तिच्यात संत्रं आहे हे त्याला पटलं नाही.

नागपूर, मुंबई, लंडन, बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट अशी चार विमानं आणि त्यानंतर तासाभराची फेरी बोट, एवढं झाल्यावर एक बेट येतं. लिहितात बेक्विया आणि म्हणतात बेक्वे. आम्हांला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यात अचलपूर लिहून एलिचपूर म्हणणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. हे सगळं बेट अठरा चौरस किलोमीटरचं, आणि त्याच्या पश्चिमेच्या खाडीत शिडाच्या बोटी उभ्या होत्या त्या बैलपोळ्याला मैदानात बैल उभे करावेत तशा, सगळ्यांची तोंडं एकीकडं. मी म्हटलं, ‘शिस्त पाहा.’ भाचा म्हणाला, ‘शिस्त नाही मामा, वारा आहे. नांगरलेली बोट वाऱ्याकडं तोंड करून राहते.’ सगळी तोंडं पूर्वेकडं होती. माझ्या फळ्यावरचा बाण तिथं पहिल्यांदा मला दिसला.

पण तो नीट पाहायच्या आत धक्क्यावरून रबरी डिंगीत उतरायचं होतं. मी एक पाय डिंगीत ठेवला, दुसरा धक्क्यावर होता, आणि भाच्याला विचारलं की इथं भरती-ओहोटीत फरक किती पडतो. ‘अर्धा मीटर जेमतेम,’ तो म्हणाला, आणि डिंगी निघाली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून हळूहळू दूर गेल्या, हा वेगेनरचा खंडवहन सिद्धांत मी कित्येक वर्षं नकाशा कापून शिकवला. त्या दिवशी तो दोन पायांनी शिकवला. मधला अटलांटिक महासागर मीच भरून काढला.

बायकोनं हे पाहिलं, साडीचा काष्टा मारला, कापूस वेचायला निघाल्यासारखी पिशवी पाठीला बांधली, आणि डिंगीच्या बरोबर मध्यात जाऊन बसली. म्हणाली, ‘बैलगाडीत चढतानी कोणी गप्पा मारते काय?’

बोट अडतीस फूट म्हणजे साधारण आपल्या एसटीएवढी लांब. त्या एसटीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, ऑफिस, बैठक आणि संडास बसवा, आणि मग ती सगळी तिरपी करा. शेगडी मात्र तिरपी होत नाही. ती झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं. बायको पहिल्या दिवशी त्या शेगडीला हातानं झोके देत बसली होती. ‘घरात एवढी एकच वस्तू सरळ चालते,’ ती म्हणाली. त्या वेळी ती माझ्याकडं का पाहत होती ते मी विचारलं नाही.

संडासाचं प्रकरण भाच्यानं मला एका बाजूला घेऊन सांगितलं. आधी झडप उघडायची, मग दांडा वर-खाली वीस वेळा, मग खटका फिरवायचा, मग कोरडे दहा हात, मग झडप बंद, आणि बंद करायला विसरलं तर समुद्र आत येतो. मी सगळं वहीत लिहून घेतलं. माझं लहानपण लोटा घेऊन गावाबाहेर गेलं, पण तिथं इतका गृहपाठ कधी नव्हता.

पाण्याची टाकी चारशे लिटरची. ‘म्हंजे दोन ड्रम,’ बायकोनं लगेच हिशोब केला. हे पाणी त्या दोघांना आठवडाभर पुरायचं, मग धक्क्यावर जाऊन पैसे देऊन भरून घ्यायचं. आता माणसं चार. भाचेसुनेच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर स्वयंपाकघराची सत्ता गेलेली. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. तांदूळ धुतलेलं पाणी डाळीला. आंघोळ समुद्रात आणि वरून दोन तांबे. दात घासताना नळ सुरू ठेवलेला दिसला तर नाव घेऊन हाक. भाचेसून जन्मानं पुण्याची, तिला हे सगळं साहसी वाटलं. आम्हांला ते एप्रिल महिन्यासारखं वाटलं. चौघांना ते दोन ड्रम नऊ दिवस पुरले, आणि नवव्या दिवशी सर आली तेव्हा बायकोनं उन्हासाठी ताणलेलं कापड मधोमध दाबून खाली बादली लावली आणि वरती आणखी दोन कॅन भरून घेतले.

विजेचंही तसंच. छपरावर सौर पत्रे, खाली बॅटऱ्या, ढग आले की फ्रीज बंद. भाचा रोज संध्याकाळी बॅटरीचे आकडे तोंड उतरवून वाचायचा. ओलिताला रात्रीची लाईन मिळते म्हणून पहाटे तीनला टॉर्च घेऊन बगिच्यात जाणाऱ्या माणसापुढं त्यानं ते वाचू नयेत. या लोकांनी सुखाची घरं विकून, लाखो डॉलर घालून, पाणी मोजायचं, वीज पुरवून वापरायची आणि वाऱ्याची वाट बघायची असं जे आयुष्य उभं केलं आहे, ते मोर्शी तालुक्यात सातबाऱ्यासोबत मिळतं. फरक एवढाच की ते त्याला स्वातंत्र्य म्हणतात आणि आम्ही त्यावर निवेदन देतो.

चौथ्या दिवशी शीड चढलं. बेक्वेहून टोबॅगो केज नावाच्या बेटांकडं, पंचवीस सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा झाले सेहेचाळीस. मोर्शीहून अमरावतीच्या जवळपास पोचावं एवढं अंतर. बोटीचा वेग साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. एवढ्यात आमची एसटी दोनदा बंद पडूनही पोचते. पण शिडात वारा भरला, इंजिन बंद केलं, आणि सगळी बोट एका कुशीवर कलून कसलाही आवाज न करता चालायला लागली तेव्हा मी म्हणालो, ‘मुलांनो, हाच तो व्यापारी वारा. उत्तर गोलार्धात ईशान्येकडून. पृथ्वीच्या परिवलनामुळं तो उजवीकडं...’

उजवीकडं वळलो तो मीच, बादलीकडं.

पुढचे दोन तास मला फक्त बादलीचा तळ आठवतो. भाचा समजूत घालत होता. क्षितिजाकडं पाहा मामा. नेल्सनला आयुष्यभर समुद्र लागायचा, तरी तो लढाया जिंकला. मला कुठलीच लढाई जिंकायची नव्हती. मग त्यानं दिलीप दोंदेंची गोष्ट काढली. नौदलातला हा अधिकारी ऑगस्ट २००९ मध्ये ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटा निघाला, वाटेत चार ठिकाणी थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आला. अशी फेरी एकट्यानं मारणारा पहिला भारतीय. बोटसुद्धा आपल्याच बाजूची, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. मी बादलीतून तोंड वर काढून विचारलं, ‘त्याला उलटी झाली होती का?’ भाच्याला माहीत नव्हतं. मग त्या गोष्टीचा मला उपयोग नव्हता.

बायकोला मात्र ती कथा लागली. पुढं काय झालं, म्हणाली. भाचेसुनेनं सांगितलं की २०१७-१८ मध्ये नौदलाच्याच सहा मुली ‘तारिणी’ बोटीतून जगाला फेरी मारून आल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच बोटीतून दिलना आणि रूपा अशा दोघीच निघाल्या, त्या मे २०२५ मध्ये परतल्या. ‘दोघीच? आठ महिने?’ बायको विचारात पडली. ‘सयपाक कोन करे?’ मग तिनं पदर खोचला आणि भाच्याला म्हणाली, ‘सर इकडं. मले धरू दे ते चाक.’

यानंतर जे झालं ते मी बादलीच्या कडेवरून पाहिलं. झुळूक जोरात आली की ती बोट वाऱ्याच्या अंगाला ओढ घ्यायची, भाचा चाक गच्च धरून तिच्याशी झुंजायचा. बायकोनं दहा मिनिटं चाक धरलं आणि म्हणाली, ‘हे घराकडं ओढणारा बैल होय. याले दाबून नाई धरा लागत. वरतं कापड जरासक सैल कर.’ भाच्यानं मोठ्या शिडाचा दोर हातभर सोडला, बोट सरळ झाली, चाक हलकं झालं आणि वेग अर्धा नॉट वाढला. भाच्यानं याच गोष्टीसाठी इंटरनेटवर पैसे भरून एक कोर्स केला होता.

टोबॅगो केज ही पाच निर्जन बेटं आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालासारखं पसरलेलं प्रवाळाचं कुंपण. वारा येतो, पण लाट येत नाही. ती बाहेर फुटते. आत पाण्याचा रंग, काय सांगू, निळीच्या पुडीपासून कच्च्या कैरीपर्यंत. प्रवाळ कसा तयार होतो ते मी तोंडपाठ सांगू शकतो. पण पोहता येत नाही, म्हणून मला दोन फुगीर जाकिटं घालून पाण्यात बुचासारखं सोडलं. खाली हिरवी कासवं गवत चरत होती. अगदी गायीसारखी, मान न उचलता. त्यातलं एक श्वास घ्यायला वर आलं, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, माझ्याकडं पाहिलं आणि परत गवताकडं गेलं. शेवटच्या बाकावरच्या पोरांसारखीच नजर होती.

तिथून नैऋत्येला युनियन बेट दिसतं. त्याच्या टेकडीवर उघडी घरं आणि निळी ताडपत्री अजून होती. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळ या बेटांवरून गेलं, आणि या बेटावर धड छप्पर राहिलं नाही. होडीतून पाव विकायला आलेला तिथला तरुण ते सांगत होता तेव्हा बायकोनं दरावर घासाघीस केली नाही. नंतर मला म्हणाली, ‘आपल्या गारपिटीवानी.’ तिच्या माहेरचा बगिचा एकदा पंधरा मिनिटांत गेला होता.

त्याच पोरानं जाताना स्थानिक मिरचीची एक बाटली दिली आणि सांभाळून खा म्हणाला. वऱ्हाडी माणसाला मिरची सांभाळून खा म्हणायचं म्हणजे काय? मी चमचाभर घेतली. ती तिथली ‘स्कॉच बॉनेट’ मिरची. दिसायला गोंडस, सुरकुतलेल्या टोपीसारखी. यापुढचा अर्धा तास मी या लेखातून वगळतो आहे. तर्रीबद्दल मी यापूर्वी ज्यांच्यापुढं फुशारक्या मारल्या त्या सर्व पुणेकरांची मात्र इथं क्षमा मागतो.

बोटींची वस्ती ही एक गल्लीच असते. सकाळी वायरलेसवर हजेरी: कोण आलं, कोण गेलं, कुणाचा पंप बिघडला, कुणाकडं जादा नट आहे. संध्याकाळी सूर्य बुडायच्या वेळी कुणाच्या तरी बोटीवर जमायचं. शेजारी एक फ्रेंच जोडपं होतं, सत्तरीचं. भाचेसून ‘मामी’ अशी हाक मारायची तशी ती फ्रेंच बाई बायकोकडं बघून फार प्रेमानं हसायची आणि हात धरून खाली बसवायची. चार दिवसांनी उलगडा झाला. फ्रेंचमध्ये ‘मामी’ म्हणजे आजी. ‘मले अजून नातू नाई, तिले सांग,’ बायको फणकारली, पण उशीर झाला होता. सगळ्या खाडीत ती मामीच झाली, आणि नाइलाजानं मीसुद्धा तिला मामीच म्हणू लागलो.

मामीनं एका संध्याकाळी पाटवडीचा रस्सा केला. फ्रेंच म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला, डोळे पुसले, दुसरा घेतला, पुन्हा पुसले, आणि भांडं पुढं केलं. बायकोनं त्याच्याबद्दलचं मत तिथंच बदललं. संक्रांत आली तेव्हा तिनं तिळगूळ केला आणि वाण लुटलं. वाण कशाचं? कपड्यांचे प्लॅस्टिकचे चिमटे, मोर्शीच्या आठवडी बाजारातून आणलेले, पाच डझन. मी निघतानाच म्हटलं होतं की चिमटे कोण परदेशात नेतं. बोटीवर कपडे बाहेरच्या तारेला वाळतात आणि व्यापारी वारे वर्षभर एकाच दिशेनं वाहतात. त्यामुळं त्या खाडीत ज्याच्याकडं चिमटे नव्हते त्याचे कपडे पनामाकडं गेले होते. डेन्मार्कच्या एका दाढीवाल्या खलाशानं हळदी-कुंकू लावून घेतलं, बारा चिमटे मोजून घेतले आणि मामीला वाकून नमस्कार केला.

बेक्वेच्या बंदरात एका पाटीवर ‘रोटी’ असं लिहिलेलं दिसलं तेव्हा आम्ही दोघंही रस्त्यातच थांबलो. आत गेलो तर मोठ्या पोळीत बटाट्याचं सारण गुंडाळून मिळालं. देणाऱ्या बाईचा चेहरा थेट वरुडच्या माझ्या मावससासूचा. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, तेव्हा त्रिनिदादला १८४५ मध्ये, ग्रेनेडाला १८५७ मध्ये आणि सेंट व्हिन्सेंटला १ जून १८६१ रोजी ‘त्रावणकोर’ या जहाजातून आपली माणसं गिरमिटावर आली. शिडाच्या जहाजातून, तीन-तीन महिने, आणि हौसेनं नव्हे. त्या बाईला रोटी आणि दाल याखेरीज आपला एक शब्द येत नव्हता. मामीला इंग्रजी येत नव्हतं. दोघी पाऊण तास बोलत होत्या.

आता नांगराचं सांगतो. मराठीत नांगर हा एकच शब्द शेताला आणि समुद्राला आहे. वऱ्हाडात नांगर टाकला की काम सुरू होतं, बोटीवर टाकला की संपतं, एवढाच फरक, असं मी समजत होतो. भाच्याच्या बोटीवरचा नांगर तर दिसायलाही आपल्या नांगराच्या फाळासारखाच होता. एका मोठ्या भौतिकशास्त्रज्ञानं, जी. आय. टेलर यांनी, १९३३ मध्ये तो बनवला. जानेवारीच्या शेवटी एका रात्री वारा चढला. डिसेंबर-जानेवारीत व्यापारी वाऱ्यांना असा अधूनमधून ऊत येतो, खलाशी त्याला नाताळचे वारे म्हणतात. रात्री दोन वाजता मोबाइलवरचा भोंगा वाजला. बोट सरकत होती. नांगर खालच्या वाळूत रुतायच्याऐवजी वाळू नांगरत चालला होता, आणि मागं पन्नास पावलांवर फ्रेंच म्हाताऱ्याची बोट. म्हातारा नाइट ड्रेसमध्ये डोक्याला दिवा बांधून ओरडत होता. भाचा पुढं पळाला, भाचेसून इंजिनकडं. मी टॉर्च धरला आणि सांगितलं, ‘वारा ईशान्येकडून आहे.’ भाचा म्हणाला, ‘मामा, ते कळतंय.’

साखळी ओढून नांगर वर घ्यावा, की इंजिनवर बाहेर निघावं, यावर दोघांचं भांडण सुरू झालं. मामी पदर डोक्यावर घट्ट घेऊन वर आली. साखळीला हात लावून पाहिला. ती थरथरत होती.

‘पाणी किती खोल?’

‘सहा मीटर.’

‘आन दोर किती सोडला?’

‘पंचवीस.’

‘मंग नांगर उपटूनच येईन ना! दोर आखूड पडला की नांगर वरतं उचलते, तास लागत नाई. सोड अजून. सोड!’

भाच्यानं आणखी वीस मीटर साखळी सोडली. बोट आणखी मागं गेली. फ्रेंच म्हातारा आता देवाचं नाव घेत होता. मग एक मोठा हिसका बसला, बोटीनं मान खाली घातली, तोंड वाऱ्याकडं वळवलं आणि ती थांबली. साखळी लांब असली की ओढ आडवी पडते आणि फाळ खाली शिरतो. खोलीच्या पाचपट, वाऱ्यात सातपट सोडावी, असं भाच्याच्या पुस्तकात १८ व्या पानावर आहे. ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी दाखवलं. मामीला दाखवायचं धाडस केलं नाही. त्या रात्री ती पुन्हा खाली जाऊन झोपली, आणि मी सकाळपर्यंत टॉर्च धरून बसलो होतो. कुणीतरी धरायला हवाच होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही परत आलो. बहीण अजून ‘पाण्याला लागून फ्लॅट’च सांगते, फक्त आता त्यात ‘माझ्या वहिनीनं चालवला’ एवढी भर पडली आहे आणि त्यामुळं गावात गोंधळ वाढला आहे. भाच्याच्या टाकीवर मामीच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे: ‘दोन ड्रम. चार मानसं. नऊ दिवस.’

एक काम राहिलं. माझ्या हाताखालून मोर्शीची जी मुलं गेली, त्यांतली काही आज स्वतः शिक्षक आहेत आणि मी शिकवलेलीच आकृती फळ्यावर काढत असतील. त्यांना कळवायचं आहे की मी व्यापारी वारे पाहून आलो. दिशा बरोबर होती. बाण मात्र मी फार बारीक काढायचो, ते जरा ठळक काढत जा.